रांगेतला शेवट

४ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,

पाकिटावर आणि इथेही 'सौ.' लिहिलंय. आधी ते बघ, मग पुढचं वाच.

तू चार दिवसांसाठी माहेरी गेली होतीस. आईने मागून तुझ्या कपड्यांचं पार्सल पाठवलं आणि त्यावर नुसतं नाव घातलं, 'सौ.' गाळलं. तेव्हापासून तू परत आली नाहीस. आई म्हणते, विसरले. मला आई माहीत आहे, ती आमटीत मीठ विसरेल पण असलं काही विसरायची नाही. पण तुमच्या दोघींच्या भांडणात मला कशाला धरलंस? इतकी पत्रं टाकली, एकालाही उत्तर नाही. माझं अक्षर वाईट आहे हे कबूल, पण इतकंही वाईट नाही.

मी अजून त्याच धुलाईखान्यात आहे. हो, अजून. तुला वाटलं असेल, एव्हाना पळाला असेल. दादा म्हणायचा ना, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. इथे इस्पितळाच्या चादरी येतात. धुऊन झाल्या की मोठ्या गरम रुळातून काढायच्या. पलीकडून दोघं घालतात, अलीकडून आम्ही दोघं ओढून घडी घालतो. मध्ये वाफ इतकी की पलीकडची माणसं दिसत नाहीत, फक्त चादर सोडणारे हात दिसतात. सुरुवातीला मला ते बघवत नसे. आता सवय झाली.

तर बातमी अशी. मुकादमाने भिंतीवर एक कागद लावलाय. लांब चाल निघणार आहे. फौजी पाठीवर घेतात तेवढं वजन घेऊन डोंगराच्या कण्यावरून चार दिवस चालायचं, मुक्काम करत करत. जो पुरं चालेल त्याच्या नावावर लोकांनी कबूल केलेली वर्गणी फौजींच्या घरांना जाते, म्हणजे ज्या घरातला माणूस गेला तो आला नाही, अशा घरांना. मी त्याच दिवशी नाव दिलं. माझ्यासोबत चादर ओढतो त्याला सगळे टकल्या म्हणतात. तो म्हणाला, "तुला चालायचे पैसे कोण देणार? तू एका जागी थांबलास तर लोक देतील." पण पहिली वर्गणी त्यानेच लिहिली.

प्रत्येकाच्या पाठीवर एक कापड शिवायचं असतं. आपण ज्याच्यासाठी चालतो त्याचं नाव त्यावर. मी दादाचं दिलं. टेबलावरच्या माणसाने विचारलं, खाली 'स्मरणार्थ' घालायचं ना? म्हटलं, घाला की, चांगलं मोठं घाला. छापून आलंय, झकास दिसतं. फोटो सोबत ठेवलाय, पिल्लूला दाखव. म्हणावं, काका तुझ्या बाबाला पाठीवर घेऊन चाललाय.

त्या सहीच्या कागदाबद्दल मी काही बोलणार नाही. आईने सांगितलं होतं, बोल. वर्ष संपायच्या आत तू सही केलीस की दादा बेपत्ता नाही, गेला असं धरावं, तर पेन्शन सुरू होईल. नाही केलीस तर फाईल बंद, आणि मग ती उघडायला सात दरवाजे ठोठावायचे. भावाच्या घरात एका खोलीत तुम्ही मायलेकी कशा राहता, भावजय भांडी आपटते ती कुणाला ऐकू जावीत म्हणून आपटते, हे मला इथे बसून कळतं. पण मी काही बोलणार नाही. हे बोलणं नव्हे, सांगणं झालं.

तुझा दीर


१३ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,

उत्तर आलं. इतक्या महिन्यांनी आलं आणि ते असं आलं.

"स्मरणार्थ मेलेल्या माणसाला लिहितात. माझ्या नवऱ्याला तसा पाठीवर घेऊन मिरवू नकोस."

मी ते टकल्याला दाखवलं. तो म्हणाला, "अरे येड्या, बागेतल्या बाकांवर लिहिलेलं कधी वाचलं नाहीस?" वाचलं होतं ना. मला वाटायचं, ज्याने बाक दिला त्याची आठवण राहावी म्हणून लिहितात. स्मरण म्हणजे आठवण, एवढं मला येत होतं. त्या 'अर्था'त माणूस मरतो हे कुणी शिकवलंच नाही. शिकवलं असेल त्या दिवशी मी शाळेच्या कुंपणाबाहेर असेन.

मी त्या टेबलावरच्या माणसाकडे गेलो. तो म्हणाला, आता छापून झालं, बदलता येणार नाही. कातरून काढलं असतं तर मधोमध भोक पडलं असतं. मग आमच्याकडे फाटक्या चादरी शिवणाऱ्या मावशी आहेत, त्यांनी पांढरी पट्टी कापून त्या शब्दावर शिवून दिली. म्हणाल्या, "नावाला सुई लावली नाही हो, निश्चिंत रहा." आता वर दादाचं नाव आहे आणि खाली कोरं. उजेडात धरलं तर आतली अक्षरं दिसतात, म्हणून मी उजेडात धरत नाही.

तू रागावलीस ते बरोबर आहे. तू विचारलं नाहीस पण सांगतो, मला काय वाटतं ते मलाच कळत नाही. एका जागी बसून विचार केला की वाटतं, गेला. चालायला लागलो की वाटतं, आहे. म्हणून मी बसत नाही.

सराव चालू आहे. आम्हांला एक उस्ताद नेतो. जुना फौजी, एक खांदा कायमचा खाली गेलेला, जणू अजून बंदूक तिथेच टांगलीय. बोलतो कमी. वर डोंगरावर धुकं फार, म्हणून त्याने रांगेची रीत शिकवली. तो पुढून ओरडतो, "आवाज!" मग एकामागून एक सगळ्यांनी म्हणायचं, "आहे", "आहे", "आहे", आणि जो सगळ्यांत मागे असेल त्याने म्हणायचं, "शेवट". 'शेवट' ऐकू आलं की रांग पुरी. मग शिट्टी, मग पाऊल. माझ्या पायांत जोर आहे म्हणून मला शेवटी ठेवलंय. बाकीच्यांना समजावून झाल्यावर उस्ताद माझ्याकडे आला आणि म्हणाला, "शेवटच्याने मागे बघायचं नाही. मागे बघत राहिला की रांग तुटते."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दादाचा पलटणीतला जोडीदार आपल्या घरी आला होता, आठवतं? खुर्चीच्या कडेवर बसला होता, पाण्याचा पेला हातातच धरून. म्हणाला होता, "वहिनी, त्या दिवशी धुक्यात हा सगळ्यांत मागे होता. आमच्या ठाण्याच्या फाटकापर्यंत त्याचा आवाज येत होता. शेवट, शेवट, अगदी वेळच्या वेळी. फाटक लावलं, तोंडं मोजली, तर हा नाही." नंतर किती शोधलं, एक बूटसुद्धा मिळाला नाही. आई तेव्हा म्हणाली होती, म्हणजे शेवटी काय झालं? आणि तो नुसता मान हलवत होता. आपल्याला वाटलं, पोरगा दुःखात काहीतरी बरळतोय. तो सरळ सांगत होता गं. आपल्यालाच ती भाषा येत नव्हती.

निघतो आता, उद्या वाळूची पिशवी पाठीवर भरून चढ चढायचाय. उत्तर पाठव. एक ओळ असली तरी चालेल, शिवी असली तरी चालेल.

तुझा दीर


२२ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,

हे एका मेंढवाड्यात बसून लिहितोय. चालीचा तिसरा दिवस. दुपार आहे, पण दाराबाहेर काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, दाराची चौकट आहे आणि तिच्यात पांढरं भरलंय. उस्ताद म्हणाला, विरळ होईपर्यंत हलायचं नाही. सगळे पाय चोळत बसलेत.

तुला सांगू की नको असं चाललंय. सांगतो. तू बाकी कुणाला दाखवू नकोस, आईला तर मुळीच नको.

सकाळी निघालो तेव्हा चांगलं ऊन होतं. माझ्या पुढे एक बेकरीवाला चालतो. जाडा माणूस, भाच्यासाठी चालतोय, सतत बडबड. "माझं पीठ वर आलंय," म्हणतो, म्हणजे पाय सुजलेत. एका खिंडीत धुकं आलं. मला वाटायचं, धुकं वरून उतरतं. तसं नसतं. ते खालून येतं, आधी बूट जातात, मग गुडघे, मग पुढच्याची पाठ. शेवटी फक्त त्याच्या पाठीवरचं नाव राहिलं, मग तेही गेलं.

पुढून आलं, "आवाज!" आहे, आहे, आहे. बेकरीवाला म्हणाला, आहे. मी म्हणालो, शेवट.

आणि मागून कुणीतरी म्हणालं, शेवट.

बेकरीवाला ओरडला, "एकदाच बोल रे बाबा! पाढे म्हणतोयस का?" म्हटलं, एकदाच बोललो. तो म्हणाला, "मग घुमला असेल." मलाही तसंच वाटलं. डोंगरात घुमतो आवाज.

पुढच्या वेळी मी मुद्दाम हळू म्हणालो, जेमतेम बेकरीवाल्याला ऐकू जाईल एवढंच. मागून आला तो माझ्यापेक्षा मोठा होता. घुमून आलेला आवाज मूळच्यापेक्षा मोठा नसतो, एवढं मलाही कळतं.

मग पुन्हा "आवाज!" झालं. आहे, आहे, बेकरीवाल्याचं आहे. मी तोंड मिटून उभा राहिलो. मुद्दाम. मधे थोडा वेळ गेला, श्वास घेण्याइतका. आणि मागून आलं, "शेवट". अगदी व्यवस्थित, रोजचं काम असल्यासारखं.

पुढे शिट्टी वाजली. रांग चालायला लागली. कुणाला काही वाटलं नाही, कारण रांग पुरी झाली होती.

त्यानंतर मी काय केलं असं विचारशील, तर दर वेळी "आहे" म्हणत आलो. दुसरं काय म्हणणार? मी शेवटचा नव्हतोच. मी "आहे" म्हणायचो आणि तो "शेवट" म्हणायचा, आणि आमचं नीट जमलं होतं. मेंढवाड्याची भिंत हाताला लागेपर्यंत. दारातून मी आत आलो आणि माझ्या मागून कुणी आलं नाही.

मी मागे बघितलं नाही. एकदाही नाही. भीती वाटत होती का, तर हो. पण भीती अशी होती की मागे बघितलं आणि कुणी नसलं तर?

उस्तादाला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. वाटलं, हसेल, नाहीतर माझ्या पाठीवरचं वजन कमी करेल. त्याने एवढंच विचारलं, "मागे बघितलंस?" म्हटलं, नाही. म्हणाला, "बरं केलंस." मग चहा ओतता ओतता म्हणाला, "लागतो असा एखादा रांगेला, कधी कधी. त्याला कुणी सांगितलेलं नसतं." मी विचारलं, काय सांगितलेलं नसतं? "की रांग पोचली." आणि मग बिस्किटांचा पुडा कुणाकडे आहे म्हणून तो उठून गेला.

आवाज दादाचा होता का, हे तू विचारशील. वहिनी, तीन अक्षरं होती. तीन अक्षरांत माणूस ओळखायचा तर आई पाहिजे नाहीतर बायको. मी कोण, सुट्टीत भेटणारा भाऊ.

धुकं विरळ होतंय असं म्हणतायत. मला तर होतं तेवढंच दिसतंय.

तुझा दीर


२७ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,

पोचलो. पुरी चाल झाली, वर्गणी ज्यांच्यासाठी होती त्यांच्याकडे जाईल. आपलं घर त्यात नाही, तुझ्या सहीशिवाय दादा कागदावर गेलेला नाही. आपण कुठल्याच यादीत बसत नाही, ना फौजीचं घर, ना फौजी गेलेलं घर. असो.

आता शेवटच्या दिवसाचं सांगतो, आणि जसं घडलं तसंच सांगतो.

त्या दिवशी उतार होता आणि पुन्हा धुकं. तो होताच मागे. त्याचं पाऊल आता मला कळायला लागलं होतं. मी थांबलो की तो थांबायचा, पण एक पाऊल उशिरा, पाठीवर वजन असलेला माणूस थांबतो तसा. मी हळूहळू मागे पडलो. रांगेत ते चूक आहे, मला माहीत होतं. बेकरीवाल्याची बडबड दूर गेली, मग ऐकूच येईना.

मी उभा राहिलो. तोही राहिला. मी म्हटलं, दादा? म्हटलं, पुढे हो ना, मी येतो मागून.

मग माझ्या पाठीवरच्या कापडाला काहीतरी लागलं. वारा नव्हता, वहिनी. वारा असता तर धुकं हललं असतं. एक बोट फिरत होतं. वर नावावर नाही, खाली, त्या कोऱ्या पट्टीवर. डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश, पिल्लू अक्षरं लावताना बोट फिरवते तसं. पट्टीच्या टोकापर्यंत गेलं आणि थांबलं. पट्टी पातळ आहे. आतलं वाचता येतं.

मी पुढेच तोंड करून म्हटलं, "दादा, ते माझं चुकून झालं. मला अर्थ माहीत नव्हता." आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "वहिनी विचारेल. तिला काय सांगू?"

पुढून कुणी "आवाज" म्हटलेलं नव्हतं. रांग कितीतरी पुढे गेली होती. तरी तो म्हणाला, "शेवट."

एवढंच.

मग लांबून शिट्टी आली आणि मी धावत सुटलो, पाठीवर वजन असताना, उतारावर, पाय मोडला नाही हे नशीब. खाली आलो तर धुकं संपलेलं, दोरी बांधलेली, लोक टाळ्या वाजवतायत. बेकरीवाला दोरीपलीकडे लोळत पडला होता, म्हणाला, "या, शेवटचे महाराज!" मी दोरी ओलांडली आणि मगच मागे बघितलं. आता बघायला काय हरकत होती. उतार अगदी वरपर्यंत मोकळा दिसत होता. गवत होतं, दगड होते. कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी त्या शब्दाला धरून बसलोय. माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं असेल, तर त्याचा अर्थ एक: शेवट झाला, संपलं, तिला तसं सांग, सही करू दे. आणि उत्तर दिलं नसेल, रांगेतला आपला आवाज दिला असेल, तर अर्थ दुसरा: मी आहे, रांगेत आहे, सगळ्यांत मागे आहे, मला सोडून फाटक लावू नका. शब्द तोच. पहिल्या अर्थाने दादा जातो, दुसऱ्या अर्थाने उरतो.

मी शब्दाचा अर्थ लावायला गेलो की काय होतं ते तू बघितलंस. म्हणून मी लावत नाही. जसा ऐकला तसा पाकिटात घालून पाठवतोय. तू त्याची बायको आहेस, तू लाव. तुला जो लागेल तो मी आईला सांगेन, आणि त्यावर तिला एक शब्द बोलू देणार नाही.

तुझा दीर


११ डिसेंबर

वहिनी,

तुझी ओळ मिळाली. "आवाज दमलेला होता का?"

पत्र खिशात घेऊन मी चादरी ओढतोय. टकल्या म्हणाला, "तुझी बाजू वाकडी येतेय, लक्ष कुठे आहे?" पलीकडून वाफेतून ते हात चादर सोडत होते आणि मला वाटत होतं, कुणी जरा थांबवा हा रूळ.

मला वाटलं होतं, तू अर्थ विचारशील. म्हणशील, नक्की काय म्हणाला, पुन्हा सांग. तू ते विचारलंच नाहीस. जे मला कळेल तेवढंच विचारलंस. त्यामुळे आता मला पळायला जागा नाही.

मी "नाही" लिहिलं तर तू वाट बघत राहशील. त्या खोलीत, भावजयीची भांडी ऐकत, फाईल बंद झाली तरी. ते मला माहीत आहे. आणि "हो" लिहिलं तर तू काय करशील तेही माहीत आहे. पहिल्यांदा मी "नाही" लिहिलं होतं. तो कागद फाडला. दादा वारला असं माझ्या हाताने लिहायचं माझ्या जिवावर आलं, एवढंच होतं ते.

त्या दिवशी दमलेले आम्ही सगळेच होतो. बेकरीवाला तर रडत होता. पण आम्हांला खाली दोरी दिसणार होती, कुणीतरी आमची वाट बघत होतं. दमलेला माणूस मुक्काम दिसला की आवाजाने जरा उठतो, तू ऐकलं असशील. ह्याचा आवाज उठत नव्हता. काम चुकवायचं नाही म्हणून येत होता. त्या खिंडीत पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो व्यवस्थित वाटला, रोजचं काम असल्यासारखा. आता कळतं, तो इतका दमला होता की त्याच्यात व्यवस्थित राहण्यापलीकडे काही उरलंच नव्हतं.

होता, वहिनी. फार दमलेला होता.

मुकादमाकडे सुट्टी मागितली. तो म्हणाला, "आता कुठे पळतोस?" म्हटलं, पळत नाही, घरी जातोय. म्हणाला, "हे तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतोय," आणि दिली. आईला कळवलंय की मी आधी तुझ्याकडे उतरणार आणि मग तिच्याकडे. तिला राग आला असेल, येऊ दे.

कचेरीत एकटी जाऊ नकोस. मी येईपर्यंत पेन हातात धरू नकोस. पिल्लूला शेजाऱ्यांकडे ठेव, नाहीतर सोबत घेऊ, तिचा बाप आहे. तू सही कर, मी साक्षीदार म्हणून खाली नाव घालतो, माझ्या ह्या वाकड्या अक्षरात. आणि मग आपण सगळे मिळून त्याला म्हणू, पोचलो रे आम्ही. बस आता.

तुझा दीर